सेटटाइमआउट लावलं की फोकस जातो, काढलं की जात नाही, असं का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. रिअ‍ॅक्टमध्ये (ब्राउझरमधल्या स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) एका पतसंस्थेसाठी पिग्मी भरण्याची एन्ट्री स्क्रीन बनवताय, 'नवीन ओळ' दाबली की टेबलात एक ओळ वाढते आणि कर्सर त्या ओळीच्या खाते नंबरात जायला हवा. फोकस कॉल केलाय, म्हणजे कोडने कर्सर तिथे न्यायला सांगितलंय, पण जात नाही, १०० मिलिसेकंदाचं सेटटाइमआउट (तेवढं थांबून मग कोड चालवणं) लावलं की तुमच्या लॅपटॉपवर जातो आणि संस्थेतल्या जुन्या मशीनवर कधी जातो कधी नाही. ओळ डिलीट केली की कर्सर हरवतो, आणि तिथल्या ताईंना टॅब नको, एंटर दाबून पुढच्या खान्यात जायचंय. शिवाय तुमच्याकडे एक जुना विंडोजचा भागही आहे.

'यूजइफेक्टमध्ये (रेंडर झाल्यावर चालणारा रिअ‍ॅक्टचा कोड) टाका' एवढंच सांगून मोकळं होता आलं असतं, पण मग पुढच्या आठवड्यात पॉपअपसाठी, त्याच्या पुढच्या आठवड्यात ब्लरवरच्या (फोकस खान्यातून बाहेर पडतानाच्या) व्हॅलिडेशनसाठी हाच प्रश्न परत पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गेली सोळा वर्षं बहुतेक डेटा एन्ट्रीच्याच स्क्रीन करतेय, आधी विंडोजवर आणि आता ब्राउझरमध्ये.

आधी एक प्रसंग सांगते, कारण त्या दिवसापासून मी फोकसकडे वेगळ्या नजरेने बघते. माझं पहिलं मोठं काम अशाच एका संस्थेचं होतं. संध्याकाळी पिग्मी एजंट दिवसभर गोळा केलेल्या रकमा आणि यादी घेऊन यायचे, आणि काउंटरमागच्या ताई डाव्या हाताचं बोट यादीवर ठेवून उजव्या हाताने नंबर पॅडवर मारत जायच्या, खाते नंबर, एंटर, रक्कम, एंटर, खाते नंबर, एंटर, रक्कम, एंटर. नजर पूर्णवेळ कागदावर, स्क्रीनकडे दहा-बारा ओळींनी एकदा बघणार. आम्ही 'हे खातं बंद आहे' अशी एक सूचना टाकली आणि ती बंद झाल्यावर फोकस खाते नंबरात परत जायच्या ऐवजी आधीच्या ओळीच्या रकमेत जायला लागला. ताईंनी न बघता पुढचा खाते नंबर मारला तो रक्कम म्हणून बसला. दिवसअखेर कॅश जुळेना, रात्री साडेनऊपर्यंत चार माणसं एकेक ओळ ताडून बघत होती. चूक आमच्या कोडमधली, एका ओळीची, आणि आमच्या टेस्टिंगमध्ये ती दिसली नाही कारण आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत माउसने टेस्ट करत होतो.

म्हणजे फोकस हा दिसण्याचा प्रकार नाहीये, पुढचा आकडा कुठल्या खान्यात पडणार हे तो ठरवतो. हे धरून पुढचं वाचा.

आता तुमचा पहिला मुद्दा, जात का नाही. फोकस कॉल ही आज्ञा नसून विनंती आहे आणि ब्राउझर ती गुपचूप नाकारू शकतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. एलिमेंट त्या क्षणी डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने पानासाठी बनवलेल्या एलिमेंटच्या झाडात, हवं, दिसण्याच्या स्थितीत हवं म्हणजे डिस्प्ले नन किंवा व्हिजिबिलिटी हिडन नको, डिसेबल्ड नको, इनर्ट केलेल्या म्हणजे क्लिक आणि फोकस बंद केलेल्या भागात नको, आणि फोकस घेऊ शकणाऱ्या जातीचं हवं. इनपुट, बटण, एचरेफ असलेली लिंक हे जातीनेच घेतात, साधा डिव्ह किंवा हेडिंग घेत नाही, त्याला टॅबइंडेक्स द्यावा लागतो. यातली एक अट जरी त्या क्षणी पुरी नसेल तर कॉल वाया.

आणि 'त्या क्षणी' हीच तुमची अडचण आहे. रिअ‍ॅक्टमध्ये सेटरोज (ओळींची यादी बदलणारं फंक्शन) म्हटलं म्हणजे ओळ लगेच आली असं होत नाही, ती फक्त मागणी नोंदवली जाते, तुमचं क्लिकचं फंक्शन संपल्यावर रिअ‍ॅक्ट रेंडर करतो आणि मग डॉममध्ये ती ओळ खरोखर येते. तुम्ही सेटरोजच्या पुढच्याच ओळीत फोकस मागताय तेव्हा तो इनपुट जन्मालाच आलेला नसतो, रेफमध्ये (त्या एलिमेंटकडे बोट दाखवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) नल असतो किंवा त्याहून वाईट म्हणजे आधीच्या शेवटच्या ओळीचा इनपुट असतो. सेटटाइमआउटने होतं ते इतकंच की तुम्ही थोडं उशिरा विचारता आणि तोवर ओळ आलेली असते. पण ते १०० मिलिसेकंद कशाचे? तुमच्या लॅपटॉपच्या वेगाचे. संस्थेतल्या मशीनवर दोनशे ओळींचं टेबल रेंडर व्हायला किती वेळ लागेल ते तुम्हाला माहीत नाही, आणि मुख्य म्हणजे त्या १०० मिलिसेकंदात ताईंनी एखादा आकडा मारलेला असू शकतो, तो जुन्या खान्यात जातो. वेळ वाढवून ३०० केलात तर ही शक्यता आणखी वाढेल. त्यामुळे वेळेचा अंदाज बांधायचा नाही, 'ओळ आली' ही घटना पकडायची.

ती पकडायचे तीन रस्ते. पहिला, नव्या ओळीचा आयडी स्टेटमध्ये ठेवा, 'फोकस या आयडीला द्यायचाय' असं, आणि यूजलेआउटइफेक्टमध्ये तो आयडी बदलला की त्या ओळीच्या रेफवर फोकस मागा. यूजलेआउटइफेक्ट डॉम बदलून झाल्यावर पण स्क्रीनवर रंगवायच्या आधी चालतो, म्हणून मध्ये फट राहत नाही. दुसरा, इनपुटवर ऑटोफोकस लावायचा. रिअ‍ॅक्टमध्ये ते एचटीएमएलच्या अ‍ॅट्रिब्यूटसारखं चालत नाही, रिअ‍ॅक्ट तो इनपुट माउंट होताना, म्हणजे डॉममध्ये बसताना, स्वतः फोकस कॉल करतो. एकच नवी ओळ येत असेल तर हे पुरतं, पण पेज उघडताना वीस ओळी सर्व्हरवरून आल्या आणि सगळ्यांना ऑटोफोकस असेल तर कर्सर थेट शेवटच्या ओळीत जाऊन बसेल, म्हणून अट घालून लावा. तिसरा रस्ता फ्लशसिंक. सेटरोज त्याच्या आत टाकलं की रिअ‍ॅक्ट तिथल्या तिथे डॉम बदलून मगच पुढे जातो आणि पुढच्याच ओळीत तुम्ही फोकस मागू शकता. रोज वापरायची गोष्ट नाही ही, मोठ्या टेबलात महाग पडते, पण आयफोन-आयपॅडसाठी कधीकधी तीच लागते, का ते खाली येईल.

तुमच्या बाबतीत मी पहिला रस्ता घेईन. एक काळजी मात्र घ्या, फोकस दिल्यावर तो आयडी रिकामा करा, नाहीतर काही कारणाने इफेक्ट परत चालला, ओळ अनमाउंट होऊन परत माउंट झाली, की कर्सर उडी मारून तिथे जाईल आणि ताई दुसरीकडेच टाइप करत असतील.

फोकस जाण्याचं अजून एक कारण रिअ‍ॅक्टवाल्यांना फार छळतं. एकेक अक्षर टाइप केलं की कर्सर निघून जातो, परत क्लिक करावं लागतं. असं दिसलं की समजायचं कुठेतरी कंपोनंटच्या आत कंपोनंट डिफाइन केलाय, किंवा 'की' मध्ये, म्हणजे रिअ‍ॅक्ट ओळ ओळखायला वापरतो त्या खुणेत, मॅथ.रँडम सारखं दर वेळी बदलणारं काहीतरी आहे. दर रेंडरला रिअ‍ॅक्टला तो नवाच कंपोनंट वाटतो, जुना इनपुट काढून नवा बसवतो, आणि जुन्याबरोबर फोकसही जातो. तिथे फोकस परत मागून मलमपट्टी करू नका, कंपोनंट बाहेर काढा.

की वरून डिलीटचा मुद्दा. तुमच्या टेबलात ओळींना की म्हणून इंडेक्स दिलाय का, ते आधी बघा. दिला असेल तर तिसरी ओळ काढल्यावर रिअ‍ॅक्ट तिसऱ्या ओळीचा डॉम काढतच नाही, चौथ्याचा डेटा तिसऱ्याच्या खोक्यात ओततो आणि शेवटचं खोकं काढून टाकतो. कर्सर 'जागेवरच' राहिल्यासारखा दिसतो पण खाली माणूस बदललेला असतो. खऱ्या आयडीची की द्या, सर्व्हरचा आयडी अजून मिळाला नसेल तर ओळ बनवतानाच ब्राउझरमध्ये एक बनवा आणि तोच शेवटपर्यंत वापरा.

खरी की दिल्यावर मात्र फोकस असलेलं एलिमेंट खरंच डॉममधून जातं आणि मग डॉक्युमेंट.अ‍ॅक्टिव्हएलिमेंट बॉडी होतो. ताई टाइप करतात, कुठेच काही उमटत नाही. फोकस पुढे न्यायचं कोड सगळे लिहितात, पण ज्याच्यावर फोकस आहे ती गोष्ट काढताना तो कुठे ठेवायचा हे लिहायचं राहून जातं, आणि माझ्या अनुभवात फोकसच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथे सापडतात. मी टीमला एकच नियम सांगते, जो कोड एलिमेंट काढतो किंवा झाकतो त्याच कोडने फोकस कुठे जाणार तेही ठरवायचं, काढायच्या आधी. डिलीटला माझा क्रम असा: त्याच जागी वर सरकलेली पुढची ओळ, ती नसेल तर मागची, एकही उरली नसेल तर 'नवीन ओळ' बटण. आणि पुढच्या ओळीत कुठल्या खान्यात? डिलीट कीबोर्डने केलं असेल तर जो कॉलम होता त्याच कॉलमात. ओळीतल्या डिलीट बटणावरून केलं असेल तर पुढच्या ओळीच्या डिलीट बटणावर नेऊ नका असं माझं ठाम मत आहे, एंटर दोनदा दाबला गेला की दोन ओळी उडतात, खाते नंबरात न्या.

सेव्हचं बटण हाही याच प्रकारचा छुपा चोर. 'सेव्ह होतंय' म्हणून बटण किंवा अख्खा फील्डसेट डिसेबल केला, फोकस त्याच्यातच होता, आता डिसेबल्ड गोष्टीवर फोकस, ब्राउझरनुसार वागणं वेगळं, कीबोर्डला प्रतिसाद नाही. सेव्ह झाल्यावर परत इनेबल केलं तरी फोकस परत येईलच असं नाही. इनपुटला त्या वेळेपुरतं रीडओन्ली करा, बटणाला एरिया-डिसेबल्ड लावून क्लिकच्या फंक्शनमध्येच परत फिरा, फोकस हलतच नाही.

पॉपअपचं बोलूया, कारण 'खातं शोधा' वाला पॉपअप तुमच्याकडे असणारच. पूर्वी हे सगळं हाताने करायला लागायचं, उघडताना आधीचं एलिमेंट लक्षात ठेव, आत फोकस ने, टॅब बाहेर जाऊ देऊ नको, एस्केपला बंद कर, परत आण. आता ब्राउझरचं स्वतःचं डायलॉग एलिमेंट आहे, क्रोममध्ये २०१४ पासून होतं आणि मार्च २०२२ मध्ये फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ आल्यावर सगळीकडे झालं. शोमोडल ने उघडलं की मागचं सगळं इनर्ट होतं, एस्केप चालतं आणि बंद केल्यावर फोकस आपोआप आधीच्या एलिमेंटवर जातो. दोन अटी. एक, तुम्ही रिअ‍ॅक्टच्या कंडिशनने डायलॉग थेट डॉममधून उडवू नका, आधी क्लोज कॉल होऊ द्या, नाहीतर परत द्यायचं काम होत नाही. दुसरी, ज्याच्यावर परत जायचंय ते एलिमेंट तोपर्यंत जिवंत हवं. मेनूतल्या 'डिलीट' वरून कन्फर्मचा डायलॉग उघडला आणि मेनू बंद होऊन डॉममधून गेला तर परतायला घरच नाही, तिथे मेनू उघडणाऱ्या बटणावर हाताने न्या. आणि डिलीटच नक्की झालं असेल तर वरचा ओळींचा क्रम लागू.

स्वतःचं मोडल असेल आणि ते बदलणं शक्य नसेल तर टॅब अडवायच्या करामती करत बसण्यापेक्षा मागच्या मुख्य भागाला इनर्ट लावा, फायरफॉक्स ११२ पासून, म्हणजे एप्रिल २०२३ पासून, तेही सगळीकडे चालतं. बंद करताना मात्र क्रम सांभाळा, आधी इनर्ट काढा आणि मग फोकस मागा, उलटं केलं तर विनंती नाकारली जाते आणि तुम्ही परत सेटटाइमआउटकडे वळाल. तसंच मोडल अ‍ॅनिमेशनने येत असेल तर सीएसएस बघा. ऑपॅसिटी शून्य असलेल्या इनपुटला फोकस जातो, पण व्हिजिबिलिटीवर ट्रान्झिशनचा डिले असेल तर तेवढा वेळ तो हिडनच असतो, आणि कॉल वाया. उघडताना व्हिजिबिलिटीला डिले देऊ नका, बंद होताना द्या.

आत गेल्यावर फोकस कशावर? शोधायचा पॉपअप असेल तर शोधायच्या खान्यावर. 'रद्द करायचं का' असा असेल तर ज्याने नुकसान होणार नाही त्या बटणावर. कारण वर सांगितलं तेच, एंटर मारणारा हात थांबत नाही.

आता ब्लर. खातं बंद आहे का ते तुम्ही खान्यातून बाहेर पडताना तपासणार, चुकीचं असेल तर परत त्याच खान्यात फोकस आणणार, हे पहिल्यांदा सुचतंच. करू नका. ब्लरमध्ये फोकस मागितला की जाणारा फोकस आणि मागितलेला फोकस यांची ओढाताण होते, दोन खान्यांना असं तपासणं असेल तर एकमेकांना ढकलत बसतात, आणि मध्ये अलर्ट दाखवलात तर अलर्टमुळे परत ब्लर. शिवाय माणूस अडकतो, खाते नंबर माहीतच नाही म्हणून त्याला रद्द करायचंय तर तुम्ही त्याला खान्याबाहेर पडूच देत नाही. डब्ल्यूसीएजीमध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून ठरवलेले निकष) कीबोर्ड कुठेही अडकून पडू नये असा स्वतंत्र निकषच आहे, २.१.२. मी काय करते, ब्लरवर फक्त खूण करते, खान्याखाली लाल ओळ, आणि त्या ओळीसाठी जागा आधीपासून राखलेली. ही जागा राखणं महत्त्वाचं आहे, कारण माउसच्या घटनांचा क्रम असा की आधी माउसडाउन, मग जुन्याचा ब्लर, नव्याचा फोकस, मग माउसअप आणि शेवटी क्लिक. ब्लरमध्ये लाल ओळ आली आणि 'सेव्ह' बटण वीस पिक्सेल खाली सरकलं की माउसअप भलतीकडे होतो आणि क्लिक होतच नाही. लोक म्हणतात 'दोनदा दाबलं की सेव्ह होतं', त्याचं कारण बऱ्याचदा हे. अडवायचं असेलच तर एंटरवर अडवा, एंटर दाबला, तपासलं, चूक आहे, पुढे नेऊ नका, मजकूर सिलेक्ट करून तिथेच ठेवा. जो फोकस गेलाच नाही तो परत आणायची वेळच येत नाही. आणि तपासणी सर्व्हरवर होत असेल तर उत्तर येईपर्यंत माणूस तीन खाने पुढे गेलेला असतो, तेव्हा त्याला मागे ओढू नका, ओळ लाल करा, सेव्हच्या वेळी पहिल्या चुकलेल्या खान्यात न्या.

खात्यांची सुचवणारी यादी इनपुटखाली उघडत असेल तर हाच क्रम तिथे नडतो, यादीतल्या नावावर क्लिक करायला गेलं की आधी ब्लर, ब्लरवर यादी बंद, क्लिक हवेत. इथेही लोक २०० मिलिसेकंद थांबवतात. त्याची गरज नाही, यादीच्या माउसडाउनवर प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, फोकस इनपुटमध्येच राहतो आणि क्लिक नीट पोचतं. वरखाली बाण दाबल्यावरसुद्धा खरा फोकस यादीत नेऊ नका, इनपुटमध्येच ठेवून एरिया-अ‍ॅक्टिव्हडिसेंडंटने कुठलं नाव निवडलंय ते सांगा, टाइप करणं चालू राहतं आणि स्क्रीन रीडरलाही कळतं. आणि रिलेटेडटार्गेट (फोकस कुठे गेला ते सांगणारं) बघून 'फोकस आपल्याच डब्यात गेला की बाहेर' असं ठरवत असाल तर मॅकवरच्या सफारीत बटणावर क्लिक केलं तरी बटणाला फोकस जात नाही, रिलेटेडटार्गेट नल येतो, हे धरून लिहा.

एंटरने पुढे जाणं. वेबवाले नाक मुरडतात, एंटर म्हणजे सबमिट म्हणतात, पण ज्या बाईंनी दहा-पंधरा वर्षं एंटरने पुढे जाणाऱ्या अकाउंटिंगच्या पॅकेजवर काम केलंय त्यांच्या हातात एंटरच बसलाय, आणि नंबर पॅडवर एंटर आहे, टॅब नाही. त्यामुळे हे कराच. प्रत्येक खान्यावर वेगळं लिहू नका, टेबलाच्या वरच्या डब्यावर एकच कीडाउन ठेवा, आणि 'पुढचा खाना' हे डॉममध्ये शोधत बसण्यापेक्षा ओळ आणि कॉलमच्या आकड्यांवरून काढा. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या खान्यात एंटर म्हणजे नवी ओळ. शिफ्ट एंटरने मागे. टॅब जसा चालतो तसाच चालू द्या, आणि बटणावर फोकस असेल तेव्हा एंटर अडवू नका, तिथे तो बटण दाबतो.

इथे मराठीसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ती क्वचितच असते. खातेदाराचं नाव किंवा शेरा मराठीत टाइप करताना बरेच जण फोनेटिक वापरतात, रोमनमध्ये मारायचं आणि खाली आलेल्या पर्यायातून शब्द निवडायचा, आणि तो निवडायला एंटरच दाबतात. तुमचा कीडाउन तो एंटर 'पुढचा खाना' समजून फोकस पळवतो आणि शब्द अर्धाच राहतो किंवा भलताच बसतो. म्हणून एंटर हाताळायच्या आधी इव्हेंटचा इजकंपोझिंग (शब्द अजून जुळवला जातोय का ते सांगणारा) तपासा, खरा असेल तर हात लावू नका. सफारीत कंपोझिशन संपल्याची घटना आधी येते आणि मग कीडाउन, त्यामुळे इजकंपोझिंग खोटा दिसतो, तिथे कीकोड २२९ आहे का तेही बघा. कीकोड जुना झालाय, एडिटर त्यावर रेघ मारेल, तरी ठेवा. इन्स्क्रिप्टवर (प्रत्येक कीला ठरलेलं देवनागरी अक्षर असलेला कीबोर्ड) टाइप करणाऱ्यांना हा त्रास होत नाही कारण तिथे पर्याय निवडायची भानगड नसते, आणि तुमची टीम इन्स्क्रिप्ट किंवा इंग्रजी वापरत असेल तर हा बग तुमच्याकडे दिसणारच नाही, म्हणून मुद्दाम फोनेटिक लावून बघा.

मोबाईलचं थोडक्यात. पिग्मी एजंटसाठी फोनवरची स्क्रीन असेल तर आयफोनच्या सफारीत फोकस कॉल थेट बोटाच्या स्पर्शाच्या हँडलरमध्येच हवा, मध्ये सेटटाइमआउट किंवा सर्व्हरची वाट आली तर कीबोर्ड वर येत नाही. वर फ्लशसिंक म्हटलं ते यासाठी. फोनवर पेज उघडल्या उघडल्या फोकस देऊच नका, अर्धी स्क्रीन कीबोर्ड खातो आणि माणसाला अजून काय आहे ते वाचायचं असतं.

पेज बदललं की काय, हाही प्रश्न येईल. सिंगल पेज अ‍ॅपमध्ये लिंक दाबली, नवा भाग आला, पण ब्राउझरच्या मते पेज तेच, आणि दाबलेली लिंकही गेली. डोळ्यांनी बघणाऱ्याला कळतं, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. नव्या पानाच्या मुख्य हेडिंगला टॅबइंडेक्स उणे एक देऊन त्यावर फोकस न्या. उणे एक म्हणजे कोडने फोकस देता येतो पण टॅबच्या रांगेत येत नाही. शून्य म्हणजे रांगेत आपल्या जागी. एक, दोन, तीन असे आकडे देऊन रांग लावायला जाऊ नका, आकडेवाले सगळे आधी आणि बाकीचं पान नंतर अशी रांग होते, आणि कुणी मध्ये एक खाना वाढवला की सगळं परत. डॉमचा क्रमच नीट लावा. आणि फोकसची कड दिसते ती 'बरी दिसत नाही' म्हणून डिझायनरने आउटलाइन नन केली असेल तर परत आणा, माउसवाल्यांना नको असेल तर फोकस-व्हिजिबल वापरा. चिकटलेल्या हेडरखाली फोकसचा खाना झाकला जात असेल तर स्क्रोल-पॅडिंग द्या, २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये तर फोकस झाकला जाऊ नये असा वेगळा निकषच आलाय.

तुमच्याकडे जुना विंडोजचा भागही आहे असं लिहिलंय, तिथेही मूळ दुखणं तेच. विनफॉर्म्समध्ये लोडमध्ये फोकस कॉल चालत नाही कारण कंट्रोल अजून दिसतच नसतो, शोन इव्हेंटमध्ये करा किंवा अ‍ॅक्टिव्हकंट्रोल सेट करा. व्हॅलिडेटिंगमध्ये अडवत असाल तर 'रद्द' बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन फॉल्स करा, नाहीतर माणूस अडकला. डब्ल्यूपीएफमध्ये दोन फोकस असतात, लॉजिकल आणि कीबोर्डचा, मेनू आणि टूलबार यांचा स्वतःचा वेगळा घेर असतो, म्हणून कोडमध्ये फोकस 'आहे' असं दिसतं आणि टाइप होत नाही, तिथे कीबोर्ड.फोकस वापरा. जावा स्विंगमध्ये रिक्वेस्टफोकसइनविंडो, नुसतं रिक्वेस्टफोकस नको, आणि तेही खिडकी दिसल्यावर.

शोधायचं कसं ते सांगून थांबते. क्रोमच्या कन्सोलमध्ये डॉक्युमेंट.अ‍ॅक्टिव्हएलिमेंट हे लाइव्ह एक्स्प्रेशन म्हणून लावून ठेवा, फोकस कुठे जातो ते चालता चालता दिसतं. नाहीतर कन्सोलमध्ये क्लिक केलं की पानाचाच फोकस जातो आणि तुम्ही चुकीचं बघत बसता, त्यासाठी रेंडरिंग टॅबमध्ये 'पान फोकसमध्ये आहे असं धरा' अशा अर्थाचं टिक आहे तेही करा. फोकस कोण पळवतंय ते कळत नसेल तर डॉक्युमेंटवर फोकसइन ऐकून तिथे कन्सोल.ट्रेस टाका, तो बबल होतो, साधा फोकस इव्हेंट होत नाही. मग माउस बाजूला काढून ठेवा, पन्नास ओळींची एक खरी यादी घ्या, नजर कागदावर ठेवून नंबर पॅडवर सगळी भरा, मध्ये दोन बंद खाती आणि एक डिलीट मुद्दाम टाका, आणि शेवटी बेरीज कागदाशी जुळते का बघा.